अवस-पुनवेला भरणारी शाळा

हसू न आवरणं हा माझा जन्मजात आजार आहे. लग्नात, बारशात लोक चालवून घेतात. पण मी मयताच्या घरी हसलेली आहे, डी.एड.च्या तोंडी परीक्षेत हसलेली आहे, आणि भिवंडीच्या पंचायत समितीत शिक्षण विभागाच्या साहेबांसमोर तर अशी हसले की त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा पेला लवंडला. त्या हसण्याचीच ही हकिगत.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. वडील कोर्टात कारकून, आई घरी शिकवण्या घेणारी, आणि मी नुकतीच डी.एड. झालेली. नेमणुकीचा हुकूम आला तो जिल्हा परिषदेच्या एका एकशिक्षकी शाळेचा, आणि तीही खाडीतल्या बेटावर. आमच्याकडे खाडीतल्या बेटाला जू म्हणतात. आत्या घरी आली होती, तिने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, लग्नाचं जू मानेवर पडायच्या आधी हे कुठलं जू घेऊन आलीस?" झालं, मला जे हसू फुटलं ते सामान बांधून होईपर्यंत टिकलं.

बेटावर जायला एकच होडी आणि ती हाकणारा एकच तांडेल. वय झालेला, काळाकुळकुळीत, कमरेला लाल रुमाल, बोलणं मोजकं आणि आवाज मात्र थेट पलीकडच्या काठापर्यंत जाणारा. सगळे त्याला तांडेलबाबा म्हणत. होडी भरतीच्या पाण्यावरच चालायची. ओहोटी लागली की खाडीचा चिखल उघडा पडे, आणि त्यात पाय घातला तर मांडीपर्यंत आत. म्हणून रोज घरून जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतंच. तांडेलबाबाच्याच घरात मला एक खोली मिळाली. सोमवारी जायचं, शनिवारी परत यायचं. पहिल्या रात्री मला झोप आली नाही. भिवंडीत आमच्या गल्लीत चारी बाजूंनी लूमची खटखट, त्यातच मी लहानाची मोठी झाले. इथे एवढी शांतता की आपल्याच कानात काहीतरी बिघडलंय असं वाटलं.

शाळा म्हणजे एक कौलारू खोली, एक टेबल, एक खुर्ची, एक फळा. भोवती भातखाचरं, आणि खाचरांच्या कडेने खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध. हा बांध शाळेच्या मागच्या अंगाला फुटला होता. डागडुजीसाठी अर्ज गेले, पण वरून काटकसरीचे हुकूम सुटले होते. बांधाचे पैसे नाहीत, कौलांचे नाहीत, खडूसुद्धा अर्धे करून वापरा. मी खडूचे अर्धे केले. खाडीला काटकसर कोण शिकवणार? अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण आलं की दुपारी पाणी बांधातून आत शिरे आणि शाळेत घोटाभर, कधी गुडघाभर भरे. तास-दीड तासाने आलं तसं निघून जाई.

मुलांना त्याचं काहीच वाटत नसे. दप्तरं वरच्या फळीवर, पाट्या कोनाड्यात, मुलं खिडकीत आणि टेबलावर, आणि पाढे चालू. एक गंमत मात्र माझ्या हळूहळू लक्षात आली. शाळेच्या उंबऱ्यापाशी आलं की मुली आपोआप परकर किंवा फ्रॉक गुडघ्यापर्यंत उचलत आणि मग आत पाय टाकत. कोरड्या दिवशीसुद्धा! आत जमीन खडखडीत, आणि ह्या आपल्या फ्रॉक धरून येताहेत. मी हसायचे. दिवाळीच्या सुमारास पाहते तर मीही साडीच्या निऱ्या उचलूनच आत शिरत होते.

माझ्या शाळेत तिसरीत तांडेलबाबाची नात होती. डोक्याला चपचपीत तेल, वेणीला लाल रिबन, आणि प्रश्न असे की मला रात्री पुस्तक काढून बसावं लागे. बेटावरची एकही मुलगी तोवर चौथी पास झालेली नव्हती. ही होणार, असं मी मनाशी धरलं होतं, आणि तिच्या आईने तर माझ्याही आधी धरलं होतं.

एकदा शिक्षकांच्या सभेसाठी मला पडघ्याला जावं लागलं. शाळेला अर्थातच सुट्टी. नेमके त्याच दिवशी साहेब खाडीच्या काठावर आले. एकेक शिक्षक असलेल्या शाळा चालवणं परवडत नाही, त्यातल्या कुठल्या बंद करून पलीकडच्या शाळेत मिळवायच्या, याची चौकशी चालली होती. साहेबांनी होडीकडे बघितलं, चिखलाकडे बघितलं, पायातल्या नव्या बुटांकडे बघितलं आणि चौकशी काठावरच उरकायची ठरवलं. होडीत जाळं शिवत बसलेल्या तांडेलबाबाला त्यांनी विचारलं, "काय हो, तुमची शाळा रोज भरते का?"

तांडेलबाबाने आयुष्यात शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्याच्या लेखी भरते ती खाडी, भरतात ती खाचरं, आणि हल्ली भरते ती शाळा. त्याने इमानेइतबारे उत्तर दिलं, "रोज कशी भरंल सायब? अवसंला न् पुनवेला भरते. बाकी कोरडी."

आठवड्याने मला बोलावणं आलं. साहेबांच्या समोर उभी राहिले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही शाळा चालवता की व्रत करता?"

मला काही उमगेना.

"महिन्यातून दोनदा शाळा भरते म्हणे तुमची. अमावास्येला आणि पौर्णिमेला. गावकरीच सांगतात."

"कोण गावकरी?"

"तो होडीवाला."

आणि मला उमगलं. पायाच्या अंगठ्यापासून हसू वर चढत आलं. मी ओठ चावले, खिडकीबाहेर बघितलं, मेलेल्या नातेवाइकांची आठवण काढली. कशाचा उपयोग झाला नाही. मी टेबलाचा आधार घ्यायला गेले आणि पेला लवंडला. पाणी थेट साहेबांच्या फायलींवर. "साहेब," मी कशीबशी म्हणाले, "अशी भरते हो, अशी!" आणि पसरलेल्या पाण्याकडे बोट दाखवलं. शिपाई फडकं घेऊन धावला. साहेबांना हा सगळा उद्धटपणा वाटला, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

सगळं समजावून सांगितलं, पण त्यांचा विश्वास बसला नाही. "शाळेत पाणी भरतं? आमच्याकडे तशी नोंदच नाही. मी स्वतः येऊन बघणार. त्या दिवशी शाळा भरलेली दिसली नाही तर त्याच दिवशी कुलूप." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका तारखेवर बोट ठेवलं. त्यांच्या नखाच्या बाजूलाच त्या चौकोनात काळं भरीव वर्तुळ होतं. अमावास्या. मी बोलले नाही. बोलले असते तर पुन्हा हसले असते.

बेटावर त्या संध्याकाळी तांडेलबाबाच्या ओटीवर सगळे जमले. कोणी म्हणालं, दाराला गोण्या लावू, सायबाला कोरडी शाला दावू. तांडेलबाबा भडकला. "मी काय खोटं बोललू? भरते म्हंजे भरते. बघू दे त्याला."

सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्याची सून लेकीला जवळ धरून दारातून माझ्याशी बोलली. मोठ्यांच्या समोर ती सहसा बोलत नसे. "बाई, हितं शाला हाय तवर ही शिकंल. पल्याड मी न्हाय धाडनार. होडी चालते पान्यावर न् तुमची शाला चालते घड्यालावर. पान्याची येल रोज बदलते. पोर काय चिखलात उभी ऱ्हानार? शाला गेली का हिचं शिकनं गेलं." एवढं बोलून ती आत गेली. तोवर मला हा सगळा तमाशाच वाटत होता. त्या रात्री पहिल्यांदा मला भीती वाटली.

अमावास्येच्या दिवशी साहेब आले. होडीच्या मधोमध, दोन्ही कडा घट्ट धरून, डोळे मिटून. उतरल्यावर त्यांनी बुटांवर फुंकर मारली. शाळेत आले तर एकूण एक पोर हजर. नात पहिल्या रांगेत, रिबन नवी. साहेबांनी हजेरी घेतली, कविता म्हणून घेतली, गणितं घातली. सगळं सुरळीत. खूश होऊन ते खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "पाणी कुठाय बाई? उगाच काहीतरी सांगता."

नातीने हात वर केला. "येतंय, सायब."

मागच्या भिंतीखालून पाण्याची जीभ आत आली. मग उंबऱ्यावरून. मुलांनी न सांगता दप्तरं फळीवर टाकली आणि खिडक्या गाठल्या. साहेबांनी आधी पाय उचलले, मग खुर्चीवर उभे राहिले, मग खुर्चीचा भरवसा वाटेना म्हणून टेबलावर चढले. चढता चढता एक बूट निसटला आणि पाण्यावर तरंगत ऐटीत दाराकडे निघाला. "माझा बूट!" दोन पोरांनी पाण्यात उड्या मारल्या. तेवढ्यात चिखलात उड्या मारत फिरतो तो निवटी मासा कुठून तरी आला आणि टणकन टेबलावर, थेट हजेरीपटावर जाऊन बसला. साहेबांनी अशी किंकाळी फोडली की बाहेरच्या बायका आत डोकावल्या. माझं काय झालं असेल ते सांगायला नको. मी फळ्याला टेकून डोळे पुसत होते. मुलं सातचा पाढा म्हणत होती, कारण मी थांबा म्हटलेलं नव्हतं.

पण साहेब हसत नव्हते. टेबलावर उकिडवे बसून, एका पायात बूट आणि एका पायात मोजा, ते गंभीरपणे म्हणाले, "बाई, हे तर फारच धोक्याचं आहे. अशा इमारतीत मुलं बसवायची? ही शाळा ताबडतोब बंद झाली पाहिजे."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. माझं हसू जागच्या जागी थिजलं. दारातल्या सुनेने माझ्याकडे बघितलं. तिची ती नजर मला अजून आठवते. पाढासुद्धा थांबला.

तांडेलबाबा पाण्यातून सावकाश चालत आत आला. हातात साहेबांचा बूट. तो त्याने नारळ ठेवावा तसा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सायब, येक सांगा. रोज भरत न्हाय म्हनून शाला बंद करत होता. आता भरते म्हनून बंद करता. मंग शालेनं कराचं तरी काय?"

साहेबांनी बुटाकडे बघितलं. बुटातून एक छोटी चिंबोरी बाहेर आली आणि तिरकी तिरकी चालत टेबलाच्या कडेपर्यंत गेली. आणि मग साहेबांच्या खांद्यांपासून काहीतरी हलायला लागलं. मी ओळखलं, हा तर माझाच आजार! ते हसायला लागले ते पोट धरून, टेबल डुगडुगेपर्यंत. मुलं हसली, बाया हसल्या, तांडेलबाबा तेवढा हसला नाही. तो उत्तराची वाट बघत उभा होता.

उत्तर साहेबांनी तिथेच टेबलावर बसून शेरेबुकात लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: "शाळा रोज भरते. बांध दुरुस्त करावा." बांधाचे पैसे काही आले नाहीत, काटकसर चालूच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात बेटावरच्यांनीच बांध घातला, आणि मी निऱ्या खोचून मातीची घमेली वाहिली. तांडेलबाबाची नात चौथी पास झाली. तिच्या आईने गावभर साखर वाटली, आणि मला दोन मुठी.

मग माझं लग्न झालं, बदली झाली. नव्वदच्या दशकात खाडीच्या अलीकडे गोदामं उठली. बेटावरची माणसं त्या कामांवर लागली आणि एकेक घर काल्हेर, राहनाळकडे सरकलं. तांडेलबाबा गेला. मागे उरलेल्या दोन-चार पोरांसाठी शाळा परवडत नाही असं पुन्हा ठरलं, आणि या वेळी प्रश्न विचारायला कोणी उरलं नव्हतं. बातमी कळली त्या दिवशी मी रडले. मला धड रडायलाही जमत नाही, मधेच तो बूट आठवला.

तेव्हा मी राहनाळच्या बाजूला एका शाळेत होते. स्लॅबची इमारत, फरशी, पंखे. जूनमध्ये पहिलीचे प्रवेश चालू होते. एक तरुण बाई मुलीचा हात धरून दारापाशी येऊन उभी राहिली. केसांना चपचपीत तेल. मी बघतच राहिले.

"बाई," ती म्हणाली, "तुमची ही शाला रोज भरते ना?"

आम्ही दोघी हसायला लागलो. टेबलाशी बसलेला कारकून बिचारा एकीकडून दुसरीकडे बघत होता. हसता हसता ती म्हणाली, "घरात रोज शाला शाला खेलते ही माझ्याबरोबर. सगलं शिकवलंय." आणि मुलीला पुढे केलं. "जा, आत जा."

मुलगी उंबऱ्यापाशी आली. आत नुकतीच पुसलेली, कोरडी ठणठणीत फरशी होती. तिने दोन्ही हातांनी फ्रॉक गुडघ्यापर्यंत उचलला आणि जपून आत पाय टाकला.