'मी' सोडलेले वडील

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतला, कतारगामात राहायचो. वडील पॉवरलूमच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचे. एका हिवाळ्यात जवळच्या हॉलमध्ये एक म्हातारे भिक्खू दर रविवारी प्रवचनाला येऊ लागले. वडील सहज म्हणून गेले, आणि 'मी' तिथंच ठेवून घरी आले.

आईला त्यांनी समजावलं, की धोटा काढला, बीम काढला, मोटार काढली, तर माग म्हणून वेगळं काही उरत नाही. माणसाचंही तसंच, आत 'मी' असा कुणी बसलेला नसतो. आई भाकरी थापत आपल्या अहिराणीत म्हणाली, "हे मालकले सांगा."

त्या दिवसापासून वडिलांनी 'मी', 'माझं' म्हणणं सोडलं. आपल्या भाषेत ते फार जड जात नाही. भूक लागली, चहा हवा, एवढ्यावर भागतं. पण चहा मागितला की आई शांतपणे विचारायची, "कोनले?" वडील अडायचे. शेवटी "या देहाला" म्हणायचे. मग ती कप देहापुढे ठेवायची आणि साखर घालायला विसरायची.

पुढे कामरेजला मामाच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवात माईकवरून एकेकाचं नाव पुकारून टॉवेल-टोपी देत होते. धाकट्या जावयांचं झालं, शेजाऱ्यांचंही झालं. थोरल्या जावयाचं, म्हणजे वडिलांचं, नाव राहून गेलं. वडील उठले आणि मांडवामागे टेम्पोच्या सावलीत जाऊन बसले. जेवायला येईनात. मामा येऊन हात जोडून गेला, तरी नाही.

आई गेली. मीही मागोमाग गेले. ती त्यांच्याशेजारी बसली, पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "कोना मान ऱ्हायना?" कुणाचा मान राहिला, एवढंच.

वडिलांनी रागानं पाहिलं. "मा..." म्हणाले आणि तिथंच अडले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. इतके हसले, की डोळे पुसावे लागले. उठले, वरणाची बादली घेतली आणि शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत राहिले.

पुढच्या रविवारी त्यांनी सगळं भिक्खूंना सांगितलं. आपली साधना बुडाली, अशी त्यांची समजूत होती. भिक्खूंनी विचारलं, "राग आला तेव्हा बोलावला होता का?"

"नाही."

"आणि गेला तेव्हा?"

"विचारून नाही गेला."

"मग तो तुमचा कसा?" भिक्खू म्हणाले. "येताना-जाताना नुसतं बघत जा."

घरी येऊन वडिलांनी हे आईला सांगितलं.  पुढच्या रविवारी प्रवचनाला जायला ती त्यांच्याआधी चपला घालून दारात उभी होती.