ताटलीतले पेढे

फोटोतल्या त्या संतबाईच्या हातातल्या ताटलीत मला पेढे दिसले, आणि मी तसं बोलूनही गेलो. शेजारीण हसली नाही. पेढा म्हणजे काय, हेच तिला माहीत नव्हतं.

ती मेक्सिकोची. नव्वदच्या दशकात आम्ही दुबईजवळ अजमानला होतो, तेव्हा समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. तिकडे तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं, इकडे हिचे दिवस भरत आलेले. विमानात कोण घेणार? आईने गावच्या चर्चमधल्या जुन्या वेदीचा फोटो पाठवला होता. ऑपरेशनच्या दिवशी डोळे सांभाळणाऱ्या सांता लुसियापुढे मेणबत्ती लाव, एवढंच मागणं. पण फोटोत खालपासून छतापर्यंत सोनेरी लाकडी कोनाडे, आणि प्रत्येकात एक कोरलेला संत. लहानपणी चर्चमध्ये हिचं लक्ष कुठे असायचं! त्यातली लुसिया कोणती, हे काही तिला सांगता येईना.

मी वेरूळ दोनदा पाहिलेला माणूस. म्हटलं, "चेहरा सोडा, हात बघा. आमच्याकडे शंख-चक्र दिसलं की विष्णू. तुमच्या लुसियाच्या हातात काय असतं?"

"ताटलीत तिचे स्वतःचे डोळे."

मघाचे पेढे एकदम डोळे झाले. "खलास, सापडली!" म्हणत मी वरच्या रांगेतल्या त्या बाईभोवती पेन्सिलने गोल काढला.

"अहो, भिंग आणू का?" बायकोने विचारलं. मी नुसता हात हलवला.

ऑपरेशनच्या दिवशी तो फोटो फ्रिजला टेकवून शेजारणीने मेणबत्ती लावली. तिकडून फोन येईपर्यंत बायको तिच्याजवळ बसून राहिली. ऑपरेशन नीट झालं होतं.

पट्टी निघाल्यावर आईने फोनवर सहज विचारलं, कुठल्या मूर्तीपुढे लावलीस? मग उलगडा झाला. लुसिया खालच्या रांगेत, फुलदाणीआड अर्धी झाकलेली. मी गोल केलेली ती सांता आगेदा. छळात तिचे स्तन कापले होते; ताटलीत ते होते.

शेजारणीने हे हसत हसत बायकोला सांगितलं. बायकोने मला सांगितलं, न हसता.

"आणि आईंचा डोळा?" मी विचारलं.

"छान दिसतंय म्हणे. त्या आगेदाबाईने 'हे माझं खातं नाही' असं म्हटलं नाही, म्हणून निभावलं." ती स्वयंपाकघराकडे वळली. "यंदा गणपती आणायला मात्र मी बरोबर येते. सोंड आहे ना, तेवढं बघून घेईन."