अस्वल गेल्यावर

मेश्राम काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जमिनीवर पालथे पडले होते. सिंगापूरमधल्या सेम्बावांगच्या आमच्या ब्लॉकखाली टपालपेट्यांशेजारी मोकळी जागा आहे, तिला इथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथे, नाक फरशीला टेकवून, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफून. त्यांच्या शेजारी अगदी तशीच पडलेली माझी सात वर्षांची मुलगी इरा, शाळेच्या गणवेशात. आणि दोघांच्या उशाशी सहाव्या मजल्यावरच्या चिनी आंटी, कानाला फोन लावून. "अंकल फॉल डाउन आलरेडी! गर्ल ऑल्सो! आय कॉल अँब्युलन्स!"

मी हातातली भाजीची पिशवी टाकून धावलो. इराने मान न उचलता मला दटावलं, "बाबा, डोन्ट डिस्टर्ब लाह! बेअर स्टिल हिअर."

बरंच थांबून दोघं उठले. म्हाताऱ्याने तोंड वर केलं आणि मी नकळत एक पाऊल मागे सरकलो. डावा डोळा नव्हता, त्या जागी नुसती शिवलेली कातडी. नाक अर्धं. गालावरून हनुवटीपर्यंत तीन चर. त्यांना या मागे सरकण्याची सवय असावी. कपडे झटकत म्हणाले, "भेऊ नका बापा. चेहरा माहाच आहे, कारागिरी फक्त अस्वलाची आहे."

काका आमच्याच मजल्यावर तीन दारं सोडून राहणाऱ्या प्राजक्ताचे वडील. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलाला लागून असलेल्या एका गावचे. जन्मभर वनरक्षकाची नोकरी केलेले. प्राजक्ता इथे जहाजांच्या इंजिनांवर संशोधन करते. आई गेल्यावर तिने बाबांना व्हिजिट पासवर आणलं. पंचवीस वर्षं जंगल तुडवलेला माणूस दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून समोरच्या ब्लॉकमधले वाळत घातलेले कपडे मोजायचा.

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, त्यांच्या शेजारची सीट रिकामी राहायची. कोणी काही बोलायचं नाही. फक्त डोळे मोबाइलमध्ये जायचे आणि माणसं दाराकडे सरकायची. मला ते पाहून संताप यायचा, काकांना नाही. "सभ्य आहेत इथले लोक," ते म्हणायचे. "अस्वलाचंबी तसंच असते. तुम्ही येऊन राहिले हे त्याले आधी समजलं, तर तेच बाजूले होते. बेसावध भेटलं की मग घात." म्हणून जिन्याच्या वळणावर ते टाळ्या वाजवायचे. गावी जंगलात शिरताना वाजवायचे, तशाच.

अस्वल हा त्यांचा एकच विषय. खालचा कोपीवाला म्हणजे कॉफीवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा तमिळ तंत्रज्ञ, आमच्याकडे गणपतीला आलेली पुण्या-मुंबईची मित्रमंडळी, सगळ्यांना त्यांनी धडा दिला होता. एकटं जायचं नाही. बोलत, आवाज करत जायचं. समोर आलंच तर पळायचं नाही, झाडावर चढायचं नाही, अस्वल आपल्यापेक्षा बरं चढतं. अंगावर आलं तर पालथं पडायचं, तोंड मातीत, हात मानेवर. "पाठ फाटली तर शिवता येते. तोंड गेलं की माणूस गेला." एकदा त्यांनी माझ्या मित्राला विचारलं, "तुमच्या पुण्यात अस्वल नाही, मग तुम्ही भेता कोणाले?" तो म्हणाला, "मॅनेजरला." काका गंभीरपणे म्हणाले, "त्याले पाहून पळता?" "हो." "चुकते तुमचं." सगळे हसले. काकांना मात्र हसायला वेळ नव्हता, कारण त्यांच्या बोलण्यात एक माणूस सतत असायचा. त्यांची धाकटी बहीण, शेवंता.

शेवंताबाई विधवा होत्या, गावातच राहायच्या, मोह वेचायच्या. मोहाची फुलं उन्हाळ्याच्या तोंडाला पहाटे गळतात. घराशेजारची झाडं ज्याची त्याची ठरलेली असतात, पण जंगलातल्या झाडांखाली जो आधी पोचेल त्याची फुलं. त्यामुळे बाया चोरपावलांनी जातात. बोललं तर शेजारची गल्ली जागी होईल, आपल्या आधी झाड गाठेल. आणि मोहाचं फूल अस्वलालाही तितकंच आवडतं. काका रोज सकाळी व्हिडिओ कॉल लावून बहिणीशी भांडायचे. "गाणं म्हणत जात जाय वं!" पलीकडून उत्तर यायचं, "गाणं म्हणत गेली तर फुलं काय तुह्या सिंगापूरले येईन वेचाले?"

दर वर्षी ते फेब्रुवारीअखेर गावी जायचे आणि हंगाम संपेपर्यंत काठी घेऊन बायांबरोबर पहाटे फिरायचे. या वर्षी त्यांच्या उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तीन महिने प्रवास नको म्हणून सांगितलं. प्राजक्ताने पासपोर्ट कपाटात कुलूप लावून ठेवला. काका माझ्या दारात येऊन उभे राहिले. "साहेब, पोरीले समजवा. शेवंता एकटी जाते." लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्या कोणालाही ते साहेबच म्हणत. मी प्राजक्ताची बाजू घेतली. वर उपाय काढला, "काका, आपण तुमचा व्हिडिओ करू. गावाच्या ग्रुपवर टाकू. तुम्ही इथून सगळ्यांना शिकवा." त्यांना ते पटलं. रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले आणि मी मोबाइल लावला.

एकोणीस मिनिटं बोलले. टाळ्या, आवाज, सोबत, पालथं पडणं. मग स्वतःची गोष्ट, जी त्यांनी मला आजवर सांगितली नव्हती. नाल्यात वारुळाजवळ पिल्लांसकट अस्वल होतं, वारा उलटा होता. काका पडले, बरोबर पालथे पडले. अस्वलाने पाठ ओरबाडली आणि गेलं. जंगल शांत झालं. "मले वाटलं गेलं. मी तोंड वर केलं. ते दहा पावलांवर उभंच होतं. डोळा मंग गेला, बापा. आधी नाही." म्हणून, ते म्हणाले, अस्वल गेल्यावर खरी परीक्षा. मनातल्या मनात त्रिसरण-पंचशील म्हणायचं, सात वेळा, सावकाश. ज्यांचा देव वेगळा त्यांनी त्याचं नाव घ्यावं. सात वेळा झाल्याशिवाय मान उचलायची नाही. आणि मग त्यांनी सातही वेळा म्हणून दाखवलं, हात जोडून, डोळा मिटून.

मी ऑफिसात चाळीस स्लाइडच्या दहा करणारा माणूस. संध्याकाळी व्हिडिओ कापायला बसलो. नियम ठेवले, खाली मोठ्या अक्षरांत ओळी टाकल्या. डोळ्याची गोष्ट काढली, कारण बाया घाबरतील असं वाटलं. पंचशील काढलं, कारण... खरं सांगायचं तर माहितीच्या व्हिडिओत ते मला कसंतरीच वाटलं. दुसऱ्या कुणाचं स्तोत्र असतं तरी काढलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. तसं मी केलं असतं का, हे आज सांगता येत नाही. अडीच मिनिटांचा सुरेख व्हिडिओ झाला. इरा खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "बाबा, व्हाय यू कट द वेटिंग पार्ट?" मी म्हणालो, "लोकांना कंटाळा येतो गं."

काकांनी मोबाइल डोळ्याजवळ धरून तो दोनदा पाहिला. "चांगला झाला, साहेब," म्हणाले. मला शाबासकी मिळाल्यासारखं झालं. गावच्या ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. शेवंताबाईंनी फोन करून भावाला चिडवलं, "हिरो झाला नं रे तू!"

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी मी भाजी घेऊन परत येत होतो. प्राजक्ताचं दार सताड उघडं होतं. काका खुर्चीत बसले होते, समोर फोन, स्पीकरवर गावातली सुनीता रडत बोलत होती. ती शेवंताबाईंच्या शेजारची, त्या पहाटे बरोबर गेलेली. "व्हिडिओत सांगतलं तसंच केलं जी मावशीनं. पळाली नाही. पालथी पडली, हात मानेवर. त्यानं हुंगलं, पाठीवर पंजा मारला अन् गेलं. आम्ही लपून पाहून राहिलो होतो. मावशी उठून बसली. म्हणे, गेलं ना वं? अन् ते पळसामांगंच होतं, बाबा. तसंच तोंडावर आलं." शेवंताबाई दवाखान्यात पोचल्याच नाहीत.

मी दारातून मागच्या मागे परत फिरलो. तीन दिवस त्या दारावरून जाताना पाय उचलून टाकत होतो. माझ्या बायकोने विचारलं तेव्हा मी ऑफिसचं काम सांगितलं. चौथ्या दिवशी गेलो. काका बॅग भरत होते, प्राजक्ता अडवत नव्हती. मी उभ्यानेच म्हणालो, "काका, ते मी कापलं होतं. थांबायचं ते."

त्यांनी शर्टाची घडी नीट केली. "माहीत आहे. तुम्ही दाखवला त्याच दिवशी समजलं. दोनदा पाहिला, म्हटलं, पुढं असन. नव्हतं. मंग म्हटलं, शिकलेला माणूस आहे, काही समजूनच काढलं असन. विचारावं वाटलं, पण साहेबाले कसं विचारायचं?" घडी बॅगेत ठेवत ते म्हणाले, "नोकरीभर तेच केलं. साहेबानं कागदावर काही खोडलं का आपण चूप. माही बहीण होती ना ते. मले विचाराले पाहिजे होतं."

मला त्या खोलीत जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. मी म्हणालो, पूर्ण व्हिडिओ आत्ता ग्रुपवर टाकतो. ते म्हणाले, "नका टाकू. लोक विचारतीन, आधी काहून नाही टाकला. मी जाऊन सांगतो तोंडानं." आणि मला, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं. चांगी विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला. मी रडलो, ते नाही.

पुढचं प्राजक्ताकडून कळत गेलं. गावाने काकांचं ऐकणं सोडलं होतं. शेवंता पालथी पडली आणि मेली, एवढंच सगळ्यांनी पाहिलं होतं. आता अस्वल दिसलं की माणसं पळत होती. मे महिन्यात बिडीसाठीचा तेंदूपत्ता तोडायला गेलेला एकजण पळाला आणि त्याचा चेहरा गेला. काका घरोघरी जायचे, अंगणात पालथे पडून दाखवायचे. लोक दार लावून घ्यायचे. बहिणीला मारणारा भाऊ, असं त्यांना तोंडावर बोलले. ऑगस्टमध्ये ते झोपेतच गेले.

प्राजक्ता लिफ्टमध्ये भेटली. डोळे कोरडे होते तिचे. म्हणाली, "दादा, शेवटच्या फोनवर बाबांनी तुमच्यासाठी निरोप दिला होता. म्हणाले, साहेबाले सांग, गावात कोणाले त्यायचं नाव नाही सांगतलं. मीच थांबायचं सांगाले विसरलो, असं सांगतलं." दहावा मजला आला, दार उघडलं, आम्ही दोघंही बाहेर पडायचं विसरलो.

त्याच दिवशी मी एकोणीस मिनिटांचा सबंध व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, की कापणारा मी होतो, मेश्राम काका काहीच विसरले नव्हते. लोकांनी पाहिला असावा, कोणी काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी फक्त सुनीताचं उत्तर आलं.

"पाहिला. बाबा विसरले नव्हते तर. हे ते जिते होते तवा सांगाचं होतं, साहेब."