डी ड्राइव्हवरचं लिनक्स

नवरा सुप्याच्या कारखान्यात आहे. तिथे त्याने कुणाच्या तरी लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स चालताना पाहिलं आणि रविवारी, मी भाजी आणायला गेले तेवढ्यात, ते माझ्या लॅपटॉपवर टाकायला बसला. मला न विचारता! स्वतःच्या मोबाईलला मात्र हात लावू देत नाही हा माणूस.

"काही हललेलं नाही तुझं," परत आल्यावर तो खुशीत म्हणाला. "विंडोज जागेवर आहे, शेजारी लिनक्स. चालू करताना विचारतं, कोणतं हवं."

मी विंडोज उघडलं. सी ड्राइव्ह होता, ई होता. डी गायब.

आमच्या सावेडीचा दुकानदार लॅपटॉप देताना त्याचे सी, डी, ई असे तीन सारखे भाग पाडून देतो आणि वर बजावतो, "मॅडम, सीमध्ये काही ठेवू नका, फॉरमॅट मारलं की जातं. डीला धक्का लागत नाही." मी शहाण्या बाईसारखं ऐकलं. पाथर्डीकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या हकिकतींची चार वर्षं फिरून केलेली रेकॉर्डिंग डीमध्ये ठेवली. दुसरी प्रत कुठेच ठेवली नाही, हा गाढवपणा माझा.

ई रिकामा होता, लिनक्स तिथे टाकायचं होतं. पण टाकताना पडद्यावर सी, डी, ई अशी अक्षरं येत नाहीत, नुसत्या ओळी येतात. याने वरून तिसरी ओळ मोजली आणि पुसली. पहिली ओळ कॉम्प्युटरच्या स्वतःच्या एका छोट्या भागाची होती, त्यामुळे तिसरी ओळ ईची नव्हे, डीची निघाली. त्या पहिल्या ओळीचा आकार वाचायचे कष्ट कोण घेतो!

"मी मोजूनच केलं गं," तो म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडे वीतभर बांध कोरला तर सख्खे भाऊ कोर्टात जातात. याने माझं अख्खं रान नांगरलं आणि वर मोजमापाच्या गोष्टी सांगतोय.

दुकानदाराने दोन दिवस खटपट केली. हाती आले ते तुकडे, नुसती खरखर.

रेकॉर्डिंग केलेल्या बायकांमधली एक मावशी उसाच्या फडातच बाळंत झाली होती. सुनेला बाहेर पाठवून तिने ते मला सांगितलं होतं. मी तिला फोन लावला. मुद्दाम स्पीकरवर ठेवला, नवऱ्यालाही ऐकू जावं म्हणून. सगळं पुसलं गेलं, पुन्हा सांगाल का, असं विचारलं.



"म्हंजी कुनी आयकलंच न्हाई व्हय ते?"

"मी ऐकलंय ना, मावशी."

"मंग झालं. येकदा सांगितलं ते लई झालं, बाई. परत न्हाई सांगायची मी."