नमुन्याचं लुगडं

पैसे मागणाऱ्या माणसाला आमच्या गल्लीत कुणी उंबऱ्यापाशी उभं केलं नसतं. नोकरी लावतो, आधी दलाली द्या म्हणणारे आमच्या लोकांनी पाहिले होते. या माणसानं पैसा मागितलाच नाही. त्यानं लुगडं मागितलं, तेही नमुन्यापुरतं. म्हणून आम्ही फसलो.

लढाईचे दिवस होते. आमचं घर बेळगावच्या शहापुरातलं, विणकराचं. वडील नव्हते. आई, थोरला भाऊ आणि मी, एवढीच माणसं. भावाला मी अण्णा म्हणायची. तो माग चालवायचा, मी सुताच्या कांड्या भरायची. माझी शाळा चौथीत संपली होती आणि लग्न ठरायचं होतं. लढाईमुळं सूत मिळेना. एरवी गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट असायचा. त्या साली बाई चुलीपुढं खोकली तरी पलीकडच्या घरात ऐकू जायचं.

तो माणूस आला तेव्हा अण्णा रिकाम्या मागावर बसून विडी ओढत होता. त्या माणसाच्या अंगात कोट, डोक्याला काळी टोपी, बोलणं पुण्याकडचं. लढाईत जायबंदी झालेल्या शिपायांना माग शिकवायला सरकारला पुण्यात मास्तर हवेत, म्हणाला. महिन्याचा पगार, राहायला खोली. अण्णानं त्याला विकायचं राहिलेलं एक लुगडं दाखवलं. त्यानं ते दोन्ही हातांवर घेतलं आणि म्हणाला, "बुवा, असा काठ मी आजवर पाहिला नाही. तुम्ही इथं काय करताय?"

अण्णाचं तोंड बघण्यासारखं झालं. आमचं लुगडं व्यापाऱ्याच्या गादीवर गेलं की तो आधी नाक मुरडायचा. काठ ढिला आहे, रंग बसला नाही, इथं गाठ आली आहे. अण्णा तिशीला आला होता आणि तोवर त्याच्या कामाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. आईनं नाही, मीही नाही. आमच्यात तशी रीतच नव्हती. त्या माणसाला हे ठाऊक होतं. आम्हाला कशाची भूक आहे ते तो नीट बघून आला होता.

वरच्या साहेबाला दाखवायला एक उत्तम लुगडं विणून द्या, तो म्हणाला. आणि कुणाला बोलू नका, जागा थोड्या आहेत, गल्लीत कळलं तर कुणीतरी आडवं येईल.

तो गेल्यावर आई म्हणाली, "त्याला एक बी खोट घावली न्हाय व्हय रं?"

"खोट हाय का माझ्या कामात?"

"मी कुठं म्हंते? पर काम देणारा माणूस खोट बघतोय आधी. ह्यो नुसताच मान डोलावतोय."

"तुला माझं बरं झालेलं बघवत न्हाय," अण्णा म्हणाला. पोराला असलं बोलायची मुभा होती, आईला उलट बोलायची नव्हती.

माझ्या लग्नाच्या लुगड्यासाठी आईनं लढाईच्या आधीपासून पेटीत रेशीम राखून ठेवलं होतं. अण्णानं ते मागितलं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय बोलणार होते? मागाचा आवाज ऐकून शेजाऱ्यांनी विचारलं तर मजुरीचं काम आलंय, असं सांगायचं ठरलं. अण्णानं इतकं सुंदर लुगडं त्याआधी विणलं नव्हतं आणि नंतरही नाही. मागावरून पदर उतरला तेव्हा आईनं त्यावरून हात फिरवला आणि परत चुलीकडं गेली.

तो माणूस लुगडं घेऊन गेला आणि काही दिवसांनी हसत आला. नेमणूक झाली होती. कागद तिकडं गेल्यावर मिळणार होता. मात्र घरी स्वतःचा माग ठेवणारा माणूस सरकारला चालत नाही, म्हणाला. माग सोडवून द्या, मी तो मालगाडीनं पुढं पाठवतो, तिकडं तुम्हाला तोच बसवून मिळेल. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात हातगाडी आली. फण्या, धोटे, सागवानी लाकडं, सगळं त्यावर चढलं. माग गेल्यावर मागाखालचा, पाय सोडून बसायचा खड्डा तेवढा राहिला. अण्णानं खुशीत पाट्यांनी माती आणून तो बुजवला आणि वरून आईला सारवायला लावलं. शेजारच्यांना पत्ता लागला नाही, कारण माग तर सगळ्यांचेच गप्प होते.

तो फलाटावर तिकिटं घेऊन भेटणार होता. ठरल्या दिवशी आम्ही गाठोडी घेऊन बेळगावच्या स्टेशनावर गेलो. फलाटावर आमच्याच गल्लीतला एक म्हातारा विणकर सहकुटुंब बसला होता. जवळ ट्रंक, पाण्याचा तांब्या.

"कुठं रं निघालास?" त्यानं अण्णाला विचारलं.

"पावन्यांकडं. तुमी, आप्पा?"

"आमी बी पावन्यांकडंच."

"ट्रंक घिऊन?"

"मग तुज्या आईच्या डोक्यावर काय हाय, शिदोरी?"

मागून आणखी एक कुटुंब आलं. तेही शहापूरचं, तेही पाहुण्यांकडं निघालेलं. एकमेकांची गाठोडी बघून सगळे हळूहळू उमजले. कुणी हसलं नाही. पुण्याची गाडी आली, थांबली, गेली. तो माणूस येणार नव्हता, हे गाडी यायच्या आधीच कळलं होतं. तरी आप्पाची म्हातारी प्रत्येक डब्यात डोकावून आली.

परतताना पुरुषांनी ठरवलं, ह्यातलं कुणी कुठं बोलायचं नाही. लोक हसतील. चौकीवर जायचं नाव काढलं तर आप्पा म्हणाले, "काय सांगणार? चोरी झाली म्हनून? हातगाडी मीच ढकलली की पाठीमागनं."

अण्णा दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं बसू लागला. महिना झाला असेल. बाजारात माझ्या शाळेतली एक मुलगी भेटली, शेजारच्या वडगावची. तिचा बाप हल्ली दार लावून विणतोय, कुणासाठी ते सांगत नाही, म्हणाली. मी विचारलं, कोट आणि काळी टोपी का? तिचे डोळे मोठे झाले.

मी घरी गेले नाही. तशीच तिच्याबरोबर वडगावला गेले. सार्वजनिक नळावर बायका पाण्याला उभ्या होत्या. तिथं मोठ्यानं सगळं सांगितलं. लुगडं, हातगाडी, स्टेशन, आमच्या घराचं नाव, सगळं. एक म्हणाली, "ही पोरगी जळतीया, तिच्या भावाला घेतलं नसंल." पण दोघी-तिघींच्या हातातल्या घागरी खाली आल्या. त्यांच्या घरी पण तो येऊन गेला होता, आणि एकीला दुसरीचं ठाऊक नव्हतं. तो पुढं लुगडी न्यायला आला तेव्हा त्यांनी दारं उघडली नाहीत. पुरुष काठ्या घेऊन निघेपर्यंत तो पसार झाला. वडगावची लुगडी आणि माग वाचले.

मी नळावर बोलल्याचं अण्णाला त्याच संध्याकाळी कळलं होतं.

"माझी आब्रू वडगावच्या नळावर धुतलीस व्हय गं?"

"आता त्यांचे माग वाचतील की, अण्णा."

"माझा वाचला का?"

माझं लग्न पुढं निपाणीला झालं. अण्णा मांडवात उभा राहिला, अक्षता टाकल्या, पण माझ्याशी बोलला नाही. माहेरी गेले की तो उठून बाहेर जायचा. आई गेली तेव्हासुद्धा त्यानं निरोप शेजाऱ्याकरवी धाडला. त्या कोटवाल्याला त्यानं माझ्यादेखत कधी एक शिवी दिली नाही. उलट, पुढं त्याचं लग्न झाल्यावर एकदा भावजयीला सांगताना मी ऐकलं, "माणूस लबाड हुता, पर कापडातलं कळत हुतं त्याला."