पासपोर्टांचं प्रस्थान

मी ओरडले, हे खरं आहे. जुरोंग ईस्टच्या ऑफिसातल्या पॅन्ट्रीत, एका हातात कॉफीचा मग आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून पुण्यातल्या नवऱ्यावर मी अशी ओरडले, की शेजारच्या मीटिंग रूममधून दोन डोकी बाहेर डोकावली. डोकावू देत! माझ्या पोरींचा पीआर एका खिडकीत अडकला होता.

थांबा, नीट सांगते. आम्ही चौघंही सिंगापूरचे पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी. नागरिक नव्हे. दोन्ही मुली इथेच जन्मल्या, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये रांगल्या. मग सासरे गेले, सासूबाई एकट्या पडल्या आणि आम्ही इथला गाशा गुंडाळून काही वर्षं पुण्यात राहिलो. आता पीआर माणसानं बाहेर राहायचं तर त्याच्याकडे रि-एन्ट्री परमिट लागतं. म्हणायचं कायमचे, आणि परत यायला परमिट, असला हा कायमपणा! परमिट चालू आहे तोवर जगभर हिंडा. पण बाहेर असताना ते संपलं, की पीआरवर पाणी सोडायची वेळ येते. आत असताना संपलं तर पीआर शाबूत राहतो, नवं परमिट येईपर्यंत इथे गप्प बसायचं, एवढंच.

म्हणून मी पुढे आले आणि नोकरी धरली. माझं आणि नवऱ्याचं परमिट वाढवून मिळालं. मुलींचे अर्ज मात्र लटकले, आणि त्यांची जुनी परमिटं शनिवारी संपत होती. थोरलीची परीक्षा गुरुवारी संपणार, तेव्हा शुक्रवारचं सकाळचं विमान पकडून तिघांनी संध्याकाळी चांगीला उतरायचं ठरलं. थोरली अकरा वर्षांची, तिला सगळं कळतं. "आई, पीआर गेला तर मी मग कुठली?" असं तिनं एकदा फोनवर विचारलं होतं. मी "काहीतरीच काय बोलतेस" म्हणून दटावलं आणि फोन ठेवून ढसाढसा रडले.

तिकिटं काढली आणि सासूबाईंनी कालनिर्णय नसलेल्या माझ्या भिंतीवर बॉम्ब टाकला. "अगं, शुक्रवारी अमावस्या आहे. पोरींना अमावस्येला घराबाहेर काढायचं?"

"आई, परमिटाला अमावस्या कळत नाही हो!"

"त्याला नसेल कळत, मला कळते. बुधवार चांगला आहे, बुधवारी प्रस्थान ठेवू."

प्रस्थान म्हणजे हे : निघायचा दिवस चांगला नसेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाच्या वस्तूंचं गाठोडं बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं धरायचं. मग खऱ्या दिवशी ते गाठोडं उचलायचं आणि तसंच पुढे चालू लागायचं, घरात परत पाऊल टाकायचं नाही. मला हसू आलं, पण मी म्हटलं, ठेवू देत बापड्या. तांदूळ, सुपारी, मुलींचा एकेक फ्रॉक, कोणाचं काय जातंय!

शुक्रवारी सकाळी टॅक्सी दारात उभी, सामान डिकीत, आणि नवऱ्याचा फोन आला.

"पासपोर्ट प्रस्थानात आहेत."

"काय?"

"आईनं ठेवलेत. मला विचारलं होतं म्हणे तिनं. मी कॉलवर होतो, मान हलवली."

मागून सासूबाईंचा आवाज, जराही शरम नाही. "अगं, पूर्वी अंगावरचं वस्त्र ठेवायचे. आता माणूस वस्त्राच्या जोरावर जातो का पासपोर्टाच्या? ज्याच्या जोरावर जायचं तेच आधी पुढे जायला नको?"

खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मला ते पटलं! पण गाठोडं होतं शेजारच्या काकूंच्या घरात आणि काकूंच्या दाराला भलंमोठं कुलूप. अमावस्या ना, काकू अभिषेकाला गेलेल्या. कुठल्या देवळात, देव जाणे. फोन लावला, तर तो त्यांच्या बंद घरातच खणखणत होता.

म्हणून मी व्हिडिओवर आले. तळमजल्याची खिडकी, तिला लोखंडी गज, आणि आत देव्हाऱ्याजवळच्या पाटावर आमचं लाल फडक्यातलं गाठोडं. दिसत होतं हो, अगदी स्वच्छ दिसत होतं! नवऱ्यानं हात घातला, तो कोपराशीच अडकला. टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय, धाकटीनं भोकाड पसरलंय आणि नवरा मला कुलूप कसं तोडतात ते विचारतोय. मला काय विचारतोस? मी काय दरोडेखोर आहे?

"तिचा हात घाल! थोरलीचा! बारीक आहे तो!" हेच ते माझं पॅन्ट्रीतलं ओरडणं.

तिचा हात खांद्यापर्यंत आत गेला, पण पाट वीतभर लांबच राहिला. तेवढ्यात सासूबाई लगबगीनं आल्या, हातात फुलं काढायची आकडी. रोज सकाळी सोसायटीतली जास्वंद त्या ह्याच आकडीनं उतरवतात, दुसऱ्यांच्या झाडाचीसुद्धा.

"ही घे. घाई नको करूस, देठ धरतात तशी गाठ धर."

"कॅन लाह, आजी!" पोरगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, म्हणजे जमेल.

नवऱ्याच्या हातातला फोन असा हलत होता, की मला कधी आभाळ दिसे, कधी त्याची चप्पल. मग पडद्यावर स्थिर झाली तिची मूठ. आकडी एकदा घसरली, मग गाठीत बसली. गाठोडं पाटावरून सरकलं, जमिनीवर धप्प पडलं, फरशीवरून खरडत खिडकीखाली आलं आणि तिनं ते वर खेचलं. गजांतून येईना! तिथेच गाठ सैल करून आत वरच ठेवलेला रुमाल काढला. त्यात तिघांचे पासपोर्ट. मग बाकीचं दाबून दाबून बाहेर ओढलं आणि पाठीवरच्या सॅकमध्ये कोंबलं. तांदूळ सांडले ते काकूंच्या खिडकीत. मी पॅन्ट्रीत उडी मारली, कॉफी ब्लाउजवर. कुणीतरी टिश्यू पुढे केला, मी त्या बाईला मिठीच मारली.

संध्याकाळी चांगीला मी कठड्याला चिकटून उभी होते. तिघं बाहेर आली तेव्हा थोरलीनं दोन्ही हात वर केले, मॅच जिंकल्यासारखे. "वुई आर इन, आई! वुई आर इन!" मी तिचे पटापटा मुके घेतले, ती लाजून लाल झाली. पीआर राहिला! माझ्या पोरी जिथल्या होत्या तिथल्याच राहिल्या!

पुंगोलला घरी आल्यावर तिनं सॅक उपडी केली. फ्रॉक निघाले, सुपारी निघाली. आणि तळाशी एक करड्या रंगाची शाल, नीट घडी घातलेली. सासूबाईंची. आम्ही निघताना कितीदा म्हटलं होतं, तुम्हीही चला. दरवेळी एकच उत्तर, "मी कशाला तिकडे? मला इथे काय कमी आहे?" शालीची घडी मोडली, तर आतून त्यांचा पासपोर्ट पडला.

मी लगेच फोन लावला. "आई! अहो, तुमचा पासपोर्ट इथे आलाय!"

"येऊ दे. मीपण प्रस्थान ठेवलंय. मेलं एकटीला करमत नाही गं."

"अहो, पण तो इथे आल्यावर तुम्ही येणार कशा?"

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "हे लक्षातच नाही आलं."

हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नवरा म्हणाला, कुरिअर करू. मी म्हटलं, मी जाते रजा टाकून. थोरलीनं मात्र दोघांनाही गप्प केलं. पासपोर्ट शालीत गुंडाळून तिनं आपल्या कपाटात ठेवला आणि परमिटची रोज चौकशी करू लागली.

मुलींची नवी परमिटं आली त्या संध्याकाळी ती माझ्यासमोर सॅक घेऊनच उभी राहिली. "आई, तिकीट काढ. जाताना दोन, येताना तीन."

"आणि दिवस कुठला? आजीला विचारायला नको?"

"विचारलं," ती म्हणाली. "आजी म्हणते, तिचा प्रवास आधीच सुरू झालाय. आता कुठलाही चालेल."