मुंबईला जाण्यापुरतं इंग्रजी

मी सातवी पास झाले आणि माझी शाळा सुटली. त्या काळात इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. म्हणजे इंग्रजी आणि मी यांच्यात एकाच इयत्तेचं अंतर राहिलं, आणि तेवढं अंतर कापण्यात माझी लग्नानंतरची किती वर्षं गेली हे आता आठवायचासुद्धा कंटाळा येतो. आमच्या मिठबाव गावात तेव्हा चुलीपासून समुद्रापर्यंत कुणाचं इंग्रजीवाचून अडत नव्हतं. मी एकटीच गोठ्यात उभी राहून गाईशी इंग्रजी बोलायची. गाय उत्तर देत नसे, हे तिचे उपकारच म्हणायचे.

आमचे हे मुंबईला एका कंपनीत कारकून होते. त्यात नवल काही नव्हतं. गावातल्या निम्म्या घरांचे पुरुष मुंबईलाच होते. चाकरमानी मे महिन्यात आंब्यांना यायचे, नाहीतर गणपतीला, आणि बाकीचं वर्ष त्यांच्या बायका शेत, गुरं आणि सासू सांभाळायच्या. वर्षातून एखादा महिना नवरा दिसणार, आणि अकरा महिने गावातल्या बायका विचारणार, 'काय गो, काय बातमी?' बातमी कुठून येणार? मला नवऱ्याजवळ राहायचं होतं, आणि लग्नानंतर दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात मी ते यांना सरळ सांगून टाकलं.

असं सरळ बोलायची तेव्हा पद्धत नव्हती. हे जरा गडबडले. मग खाकरून मुंबईच्या मराठीत म्हणाले, "कंपनीच्या चाळीत मद्रासी, बंगाली, पारशी सगळे राहतात. बायकासुद्धा एकमेकींशी इंग्रजीत बोलतात. तू तोंड उघडलंस की माझी फजिती. बोलायला शीक, मी लगेच खोली घेतो."

गणपतीला आले तेव्हा त्यांनी संभाषणाचं एक पुस्तक आणलं. त्यातलं पहिलं वाक्य होतं, 'स्टेशन किती दूर आहे?' आमच्या बाजूला आगगाडीच नव्हती, तेव्हा दूर म्हणायचं तर फारच दूर. पुढे एक वाक्य होतं, 'वेटर, हे सूप गार झालं आहे.' सूप मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याच्या जागी कुळथाची पिठी धरली. वेटरच्या जागी कुणाला धरायचं हे मात्र कळेना, कारण पिठी वाढणारीही मीच आणि गार झाली म्हणून बोलणी खाणारीही मीच. तरी मी ते वाक्य पाठ केलं. पातेरा, म्हणजे झाडांखालचा वाळका पाला, गोळा करताना, शेण काढताना, विहिरीवर, मी वाक्यं घोकत असे. सासूबाई ओटीवरून हाक मारायच्या, "गायीक मडमेची भाषा शिकयतंस काय गो?" मी हो म्हणायची. वाद घालायला अंगात त्राण नसायचं.

बोलायला शिकण्यापेक्षा ऐकून समजणं जास्त कठीण होतं. पुस्तक बोलत नाही. गावात दुकानवाल्या काकांकडे बॅटरीवरचा रेडिओ आला, तेव्हा माझी सोय झाली. संध्याकाळी दिल्लीहून इंग्रजी बातम्या लागत. नुसतंच जाऊन ऐकायला बसणं बरं दिसेना, म्हणून मी काकींच्या तांदळातले खडे वेचून द्यायची. दिवसभर राबून आल्यावर परत दुसऱ्याच्या घरचे खडे वेचायचे, आणि कान मात्र रेडिओकडे. काकी म्हणायच्या, "तुका काय कळता तरी काय गो त्येतला?"

"प्राइम मिनिस्टर कळता," मी म्हटलं.

"ता माका पण कळता," काकी म्हणाल्या, आणि सूप पुढे सरकवलं. पाखडायचं सूप. पुस्तकातलं नव्हे.

कितीतरी महिने त्या बातम्या म्हणजे नुसता आवाजच होता. मग एखादा शब्द वेगळा होऊ लागला, मग दोन शब्द जोडीने. पेज निवत गेली की शितं तळाला बसून दिसायला लागतात, तसं काहीसं झालं. पण अर्थ लागायचा तो आधी मनात मराठी करून, आणि मराठी होईपर्यंत बातमी देणारा पुढच्या देशात पोचलेला असायचा. डोकं दुखायचं. घरी येऊन परत चूल पेटवायची.

दर वेळी हे आले की माझी परीक्षा व्हायची. एका मे महिन्यातली मला चांगली आठवते. ट्रंक बांधून झाली होती, देवगडला जाणाऱ्या एसटीला थोडा वेळ होता, तिथून पुढे बोट. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभं राहून यांनी मला विचारलं, "व्हेअर इज युवर हजबंड गोइंग?"

प्रश्न मला लख्ख कळला. उत्तरही येत होतं. गो म्हणजे जाणे, कम म्हणजे येणे, हे तर मी गाईलासुद्धा शिकवलं होतं. पण आमच्यात घरातून निघणारं माणूस 'जातंय' म्हणत नाही. 'येतंय' म्हणतं, आणि आपणही त्याला 'ये' म्हणूनच निरोप देतो. जातो तो कायमचा जातो. ट्रंक दारात, नवरा उंबऱ्याबाहेर, आणि मी आपल्या तोंडाने म्हणू की माझा नवरा जातोय? शब्द जिभेवर आला आणि तिथेच अडला. शिवाय नवऱ्याला इंग्रजीतलं 'ही' म्हणणं म्हणजे 'तो' म्हणणं. यांना मी 'तो' कधी म्हटलं नव्हतं, आणि सासूबाई तिथेच बसल्या होत्या. मी म्हटलं, "दे आर कमिंग टू बॉम्बे."

हे पोट धरून हसले. "दे? तुला नवरे किती आहेत? आणि कमिंग काय? मी मुंबईहून येतोय की मुंबईला जातोय?"

"निघताना 'जातंय' कोण म्हणता?" मी म्हटलं. राग आला की माझं मराठी सुटायचं आणि मालवणी यायची.

"इंग्रज म्हणतो. रोज जातो म्हणतो आणि रोज संध्याकाळी घरी येतो. एवढं साधं जमत नाही तुला. बघू पुढच्या वर्षी," हे म्हणाले. मग वाकून आईच्या पाया पडले आणि म्हणाले, "आये, येतंय हां."

एसटी गेल्यावर विहिरीवर कुणी नाही असं बघून मी हळूच म्हणून पाहिलं, 'ही इज गोइंग.' म्हटलं आणि लगेच घाबरून हात जोडले. पुढे ते वाक्य रोज म्हणायची सवय केली, पण बोट मुंबईला सुखरूप पोचल्याचं कळल्यानंतरच.

अशी वर्षं गेली. एका वर्षी माझे उच्चार बरोबर नव्हते, एका वर्षी मी फार हळू बोलत होते. एका वर्षी सगळं ठीक होतं, पण आत्मविश्वास नव्हता. मी दमले होते. शेतातलं दमणं झोपेने उतरतं, हे उतरत नव्हतं. तरी खडे वेचायला जात होते, कारण खोलीची आशा सुटत नव्हती. यांचा मला रागही यायचा आणि वाटही बघायची, दोन्ही एकाच वेळी.

मग एका मे महिन्यात हे आपल्या ऑफिसातल्या एका गृहस्थांना आंबे खायला घेऊन आले. मद्रासकडचे होते, वयाने वडील, मराठी अजिबात येत नव्हतं. म्हणून आमच्या ओटीवर पहिल्यांदा दोन माणसं इंग्रजीत बोलायला बसली. मी दाराच्या आत पाटावर बसून आंबे कापत होते. पाहुणे सावकाश, स्वच्छ बोलत होते, थेट बातम्या देणाऱ्यासारखे. त्यांनी विचारलं, "तुम्ही पत्नीला मुंबईला का नेत नाही?"

हे हसून म्हणाले, "तिने मला विचारलं होतं. मी म्हटलं, आधी इंग्रजी शीक. तेव्हापासून ती शिकतेच आहे. एकदा म्हणाली, माझा नवरा मुंबईला येतोय." मग जरा थांबून म्हणाले, "तिला नेलं तर इथे आईला कोण बघणार? आंब्याची कलमं, शेत, गुरं? आणि मला तिथे एकट्याने राहायची सवय झालीय, बरं चाललंय. शिकण्यात गुंतली आहे तोवर ती दुसरं काही विचारत नाही. आणि इंग्रजी काय, शिकून थोडंच संपतं!"

पाहुणे हसले नाहीत.

आणि मला आधी आनंद झाला. खरंच सांगते, आधी आनंदच झाला. सबंध बोलणं मला कळलं होतं, मनात मराठी न करता, एकही शब्द न निसटता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. सुरी हातात धरून मी स्वतःशीच हसत होते. मग हे काय बोलले ते माझ्यापर्यंत पोचलं. रडू मात्र आलं नाही. समोर कापायचे आंबे होते, ते मी कापले, कोयी बाजूला काढल्या आणि ताटली घेऊन बाहेर गेले. पाहुण्यांनी आभार मानले. मी खाली बघून मान हलवली.

पाहुणे जरा वेळाने समुद्र बघायला गेले. हे ओटीवरच होते, उरलेल्या फोडी खात. चेहरा खुशीत होता. मला हाक मारून म्हणाले, "काय गं, आम्ही एवढा वेळ बोलत होतो, काही समजलं का?"

"येस," मी म्हटलं. "एव्हरीथिंग."

"एव्हरीथिंग म्हणजे सगळं," हे समजावून सांगायला लागले. "थोडंफार समजलं असेल तर 'समथिंग' म्हणायचं. काय? समथिंग."

मी त्यांच्याकडे सरळ बघितलं. "नो," मी म्हटलं. "एव्हरीथिंग."

तोंडाशी नेलेली फोड त्यांनी ताटलीत परत ठेवली. त्यानंतर त्यांनी माझी परीक्षा कधी घेतली नाही.